भाचीचा लॅपटॉप, माझा लॅपटॉप आणि नागपूरचा मे महिना

२०२५ च्या मे महिन्यात, नवतपा, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायला चार-पाच दिवस उरले असताना, माझी भाची भर दुपारी डोक्याला ओढणी गुंडाळून माझ्या त्रिमूर्तीनगरच्या घरी आली आणि तिने दप्तरातून लॅपटॉप काढून माझ्या कामाच्या टेबलावर ठेवला. "मावशी, हा काहीच करून नाही राहिला. बाबा म्हणतात नवीन घेऊन टाकू, पण तू पहिले पाहून सांग ना," असे ती म्हणाली. तिचे अभियांत्रिकीचे दुसरे वर्ष नुकतेच संपले होते आणि सुट्टीत तिला पायथन शिकायचे होते. मी अक्षरजुळणीचे काम करते. संगणक दुरुस्ती हा माझा व्यवसाय नाही. परंतु २०१२ च्या बनावटीचा एक थिंकपॅड टी४३० लॅपटॉप मी २०१७ मध्ये जुन्या बाजारातून घेतला आणि आजही रोजचे काम त्यावरच करते, त्यामुळे घरातल्या कोणाचेही यंत्र मंदावले की ते माझ्याकडे येते.

तिचा लॅपटॉप २०१८ मध्ये तिच्या मोठ्या भावासाठी घेतलेला होता. आय३-६००६यू हा प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि १ टीबीची, मिनिटाला ५,४०० फेऱ्या घेणारी हार्ड डिस्क. त्या काळात विद्यार्थ्यांसाठी घेतलेल्या कितीतरी लॅपटॉपांत हाच संच असे, म्हणून हा लेख वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी असे यंत्र कपाटात पडलेले असेल अशी माझी समजूत आहे. मी घड्याळ लावून पाहिले. बटण दाबल्यापासून ब्राउझरमध्ये एक साधे पान पूर्ण उघडेपर्यंत ६ मिनिटे ४० सेकंद लागले.

नवे काय घ्यायचे याचा विचार करण्याआधी मी टास्क मॅनेजर, म्हणजे यंत्राचा कोणता भाग किती राबतो ते दाखवणारा विंडोजमधला तक्ता, उघडला. प्रोसेसरच्या रकान्यात २० ते २५ टक्के दिसत होते, मेमरीच्या रकान्यात ९३ टक्के होते आणि डिस्कचा रकाना १०० टक्क्यांवर जाऊन तिथेच थांबला होता. याचा अर्थ प्रोसेसर बहुतांश वेळ डिस्ककडून काही येण्याची वाट पाहत होता. बाजारात जाण्यापूर्वी प्रत्येकाने ही पाच मिनिटे द्यावीत असे मी मनापासून सांगेन, कारण "लॅपटॉप स्लो झाला" या एका तक्रारीमागे तीन-चार निरनिराळी कारणे असतात आणि दुकानात गेल्यावर जी वस्तू समोर ठेवली जाते ती त्यांतल्या एकाच कारणावरचा उपाय असते.

मात्र डिस्कचा रकाना १०० टक्के दिसला म्हणजे दोष फक्त डिस्कचा आहे असेही होत नाही. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर खाली 'कमिटेड' असा एक जोड-आकडा असतो आणि सहसा त्याच्याकडे कोणी पाहत नाही. भाचीच्या लॅपटॉपवर ब्राउझर, शब्दप्रक्रियेचा प्रोग्राम आणि एक पीडीएफ एवढेच उघडलेले असताना तो ६.८/८.९ जीबी असा होता. यातला पहिला आकडा म्हणजे चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रामांना विंडोजने कबूल केलेली एकूण मेमरी, आणि दुसरा म्हणजे अशी कबुली जास्तीत जास्त किती देता येईल ती मर्यादा, जी रॅम आणि पेजफाइल, म्हणजे रॅमला जोड म्हणून डिस्कवर राखलेली जागा, मिळून ठरते. प्रत्यक्ष रॅम ४ जीबी, आणि तीतलाही काही भाग अंगभूत ग्राफिक्सकडे गेलेला. अशा स्थितीत जवळजवळ ७ जीबी कबूल झाली असेल तर उरलेला भार डिस्कवर पडणारच. म्हणजे डिस्क हळू होती हे खरे, आणि रॅम अपुरी असल्यामुळे त्या हळू डिस्कवर जे काम कधी यायलाच नको होते तेही येत होते, हेही खरे.

माझे वडील नागपूरच्या महाल भागातल्या एका छापखान्यात जुळारी होते. खिळ्यांची केस त्यांच्या पुढ्यात तिरपी ठेवलेली असे आणि प्रत्येक अक्षराचा खण कुठे आहे हे त्यांच्या बोटांना पाठ होते, त्यामुळे ते केसकडे न पाहता जुळणी करत. पण दिवाळी अंकाच्या दिवसांत पाने वाढली की कान्याचे किंवा अनुस्वाराचे खिळे संपत, आणि मग छापून झालेले एखादे पान सोडवून त्यातले खिळे एकेक करून पुन्हा केसमध्ये टाकल्याशिवाय पुढची ओळ जुळत नसे. रॅम कमी पडल्यावर यंत्रात हेच चालते. पुढ्यातली केस लहान असल्यामुळे आधी मांडलेले पान मोडायचे, ते मागच्या खोलीत नेऊन ठेवायचे, आणि क्षणभराने तेच पान पुन्हा मागितले गेले की परत मांडायचे. वडील कितीही चपळ असले तरी त्या दिवसांत त्यांचा अर्धा वेळ पाने सोडवण्यातच जात असे.

मागच्या खोलीत जायला किती वेळ लागतो, याचे गणितही करण्यासारखे आहे. मिनिटाला ५,४०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ९०, म्हणजे एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी असलेली जागा वाचकाग्राखाली (हेडखाली) येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद थांबावे लागते, आणि त्याआधी ते अग्र योग्य वर्तुळावर नेण्यास आणखी १२ मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो. असे विखुरलेले तुकडे वाचायचे झाले तर एका सेकंदात ५५ ते ६० तुकडे हाती येतात; प्रत्येक तुकडा ४ केबीचा धरला तर सेकंदाला २४० केबीच्या आतच. विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली इथून तिथून वाचते, म्हणून ती ६ मिनिटे ४० सेकंद. साटा या नेहमीच्या जोडणीवर चालणाऱ्या साध्या एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारे काहीच नसते आणि असे लहान तुकडे ती एकापाठोपाठ एक वाचत गेली तरी सेकंदाला १०,००० च्या आसपास देते. दीडशेपटीहून अधिक हा फरक आहे. जुन्या लॅपटॉपमध्ये अन्य कोणताही सुटा भाग इतका फरक पाडू शकत नाही, आणि म्हणून एकच वस्तू घेण्याइतके पैसे असतील तर मी एसएसडी आधी घ्यायला सांगते.

याच कारणाने एनव्हीएमईच्या, म्हणजे साटापेक्षा वेगवान जोडणीच्या एसएसडीच्या, मोहात पडू नये असेही मला वाटते. साटाच्या तिसऱ्या पिढीची मर्यादा सेकंदाला ६ गिगाबिट आहे आणि प्रत्यक्षात त्यातून सुमारे ५५० एमबी मिळतात. एनव्हीएमई याच्या कितीतरी पुढे जाते, पण तो वेग मोठ्या सलग फाइली हलवताना कळतो. लहान-लहान तुकड्यांच्या वाचनात, ज्यावर रोजचा अनुभव ठरतो, दोघींतले अंतर हार्ड डिस्क आणि एसएसडीतल्या अंतरासारखे नसते. शिवाय जुन्या लॅपटॉपमध्ये एम.२ ची, म्हणजे पट्टीच्या आकाराच्या एसएसडीची, जागा दिसली तरी ती फक्त साटासाठी असू शकते. पट्टीच्या दाते असलेल्या कडेला दोन खाचा असतील तर ती बहुधा साटाची असते, एकच असेल तर बहुधा एनव्हीएमईची. पण नुसत्या बसण्यावरून चालण्याची खात्री होत नाही, त्यासाठी त्या मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिकाच पाहावी लागते. भाचीच्या यंत्रात अशी जागाच नव्हती, अडीच इंची कप्पा तेवढा होता, त्यामुळे हा प्रश्न आपोआप सुटला.

एसएसडी कोणती घ्यावी याबद्दल मी फार काटेकोर आहे, आणि त्याला कारण आहे. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये मी माझ्या थिंकपॅडसाठी एका दुकानातून स्वस्तातली, पूर्वी कधी नाव न ऐकलेली २५६ जीबीची एसएसडी घेतली होती. एका छोट्या दिवाळी अंकाची जुळणी तेव्हा माझ्याकडे होती. चौथ्या आठवड्यात एका सकाळी बटण दाबले आणि यंत्राला डिस्क सापडेनाशी झाली. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या यंत्राच्या मूळ प्रोग्राममध्ये, तिचे नावही दिसत नव्हते. हार्ड डिस्क बिघडताना बहुधा आवाज करते, अडखळते, काही दिवस तरी देते. ही कसलीही सूचना न देता गेली आणि तिच्याबरोबर तपासून झालेली ४० पाने गेली. दुकानदाराने हमीत दुसरी डिस्क दिली, पण पाने कोण देणार? संपादकांना फोन करून सांगताना माझा आवाज फुटत नव्हता, आणि पुढचे सहा दिवस मी रात्री दोन-दोनपर्यंत बसून ती पाने पुन्हा उभी केली.

तेव्हापासून मी तीन गोष्टी पाहते. पहिली म्हणजे पेशींचा प्रकार: टीएलसी, म्हणजे एका पेशीत तीन बिट, असेल तर घेते, क्यूएलसी असेल तर रोजच्या कामासाठी टाळते, कारण एका पेशीत चार बिट साठवले की लिहिण्याचा टिकाऊपणा आणि भरत आल्यावरचा वेग दोन्ही घटतात. दुसरी, एसएसडीवर डीरॅम चिप, म्हणजे तिची स्वतःची छोटी रॅम, आहे का. तिसरी, बनवणारी कंपनी टीबीडब्ल्यू, म्हणजे एकूण किती टेराबाइट लिहिण्याची हमी देते. क्रुशियल एमएक्स५०० च्या ५०० जीबी आवृत्तीला ही हमी १८० टीबीची आहे आणि सॅमसंग ८७० इव्होच्या त्याच आकाराला ३०० टीबीची, दोन्हींवर पाच वर्षे. दिवसाला २० जीबी लिहिले तरी वर्षाला ७.३ टीबी होतात, म्हणजे १८० टीबी संपायला २४ वर्षे लागतील. तेवढा काळ लॅपटॉपच टिकणार नाही, पण असा आकडा छापण्याची तयारी असलेली कंपनी निदान आपण काय विकतो हे जाणून असते.

भाचीच्या हार्ड डिस्कची प्रकृती क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये पाहिली तर तिथे पिवळा चौकोन आला. सी५ या ओळीत, म्हणजे वाचता न येणाऱ्या आणि निकाल प्रलंबित असलेल्या जागांच्या ओळीत, शून्य असायला हवे तिथे १६ होते. एसएसडीचा विषय तिथेच बाजूला ठेवून आम्ही आधी तिचे फोटो, वर्गातल्या नोंदी आणि भावाच्या जुन्या प्रोजेक्टच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्या. त्याला संध्याकाळ झाली. काही फाइलींपाशी नक्कल दहा-दहा मिनिटे थांबत होती आणि भाची श्वास रोखून त्या हिरव्या पट्टीकडे पाहत होती. दोन फोटो वगळता सगळे मिळाले.

रॅमच्या बाबतीत आधी झाकण उघडून पाहिले. ४ जीबी मदरबोर्डवरच सोल्डर केलेली होती आणि शेजारी एक स्लॉट मोकळा होता. सॉफ्टवेअर स्लॉटांची संख्या सांगते, पण सोल्डर केलेल्या रॅमलाही ते कधी कधी स्लॉट म्हणूनच मोजते, त्यामुळे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. हा डीडीआर४ चा, २६० पिनांचा, १.२ व्होल्टचा स्लॉट होता. हा प्रोसेसर डीडीआर४ रॅम २,१३३ च्या वेगाने चालवतो, म्हणून २,४०० किंवा २,६६६ चे मॉड्यूल लावले तरी ते २,१३३ वरच चालणार, आणि जास्त वेगाच्या मॉड्यूलसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नव्हता. ४ की ८, एवढाच प्रश्न उरला. ४ आणि ४ अशी समान जोडी लावली तर दोन्ही वाहिन्या, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांच्यामधले दोन्ही मार्ग, पूर्ण वापरल्या जातात आणि त्याचा फायदा रॅम वाटून घेणाऱ्या अंगभूत ग्राफिक्सला होतो. ४ आणि ८ लावल्यास पहिल्या ८ जीबीपर्यंत दोन वाहिन्या चालतात आणि वरचे ४ जीबी एका वाहिनीवर राहतात. कमिटेडचा आकडा जवळजवळ ७ होता आणि तिला पुढे तीन वर्षे काढायची होती, म्हणून मी ८ चे मॉड्यूल घ्यायचे ठरवले आणि त्या वरच्या ४ जीबीच्या मंदपणाची चिंता केली नाही. एका वाहिनीवरची रॅमसुद्धा पेजफाइलपेक्षा शेकडो पट वेगवान असते.

ज्यांचे लॅपटॉप याहून जुने आहेत त्यांनी व्होल्टेज मात्र जरूर पाहावे. डीडीआर३ आणि डीडीआर३एल या दोन्ही मॉड्यूलांना २०४ पिना आणि एकाच जागी खाच असते, त्यामुळे एक दुसऱ्याच्या जागी सहज बसते. पण पहिले १.५ व्होल्टचे आणि दुसरे १.३५ व्होल्टचे. इंटेलच्या तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर असलेल्या माझ्या थिंकपॅडमध्ये दोन्ही चालतात. चौथ्या पिढीच्या लॅपटॉपांना मात्र डीडीआर३एलच लागते. आमच्या शेजारच्या काकांनी अशा यंत्रात १.५ व्होल्टची रॅम लावून घेतली होती आणि पडदा काळाच राहिल्यावर मदरबोर्ड गेला असे समजून ते लॅपटॉप भंगारात देणार होते. चिकटपट्टीवर पीसी३ च्या पुढे 'एल' हे अक्षर आहे की नाही, एवढे पाहिले असते तर त्यांचे ते आठ दिवस वाचले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही सुभाषनगर स्थानकावरून मेट्रोने झाशी राणी चौकात उतरलो आणि बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मोदी नंबर ३ च्या गल्लीत गेलो. तीन दुकानांत भाव विचारले. त्यांपैकी एका ठिकाणच्या कारागिराने भाचीला सांगितले, "ताई, यात आय५ टाकून घ्या, मस्त पळंल." म्हणजे काय ते विचारल्यावर त्याने सांगितले की दुसरा अख्खा मदरबोर्ड बसवावा लागेल, आणि तो वापरलेला मिळेल. तो खोटे बोलत नव्हता, पण यात एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. इंटेलच्या लॅपटॉप प्रोसेसरांच्या नावाच्या शेवटी 'यू' असेल तर ती चिप मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. सॉकेटमध्ये बसणारे लॅपटॉप प्रोसेसर चौथ्या पिढीपर्यंतच होते. पाचव्या पिढीपासून ते बंद झाले. म्हणून २०१५ नंतरच्या जवळपास कोणत्याही इंटेल लॅपटॉपचा 'प्रोसेसर वाढवणे' म्हणजे कुठून तरी काढलेला, किती तापला आहे हे ठाऊक नसलेला बोर्ड घेणे. त्या पैशांत दोन-तीन वर्षांनी नव्या यंत्राची सुरुवात होते. आम्ही नम्रपणे नकार दिला.

रॅम आणि ५०० जीबीची टीएलसी एसएसडी मिळून साडेपाच हजारांच्या आत काम झाले. बिलावर दोन्हींचे सिरियल नंबर लिहून घेतले आणि चालली नाही तर बदलून देण्याचे दुकानदाराकडून कबूल करून घेतले. त्याचा उपयोग लगेच झाला. त्या रात्री मी मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून ठेवला आणि सकाळी पाहिले तर दुसऱ्या फेरीत लाल ओळी आल्या होत्या. विंडोज मात्र त्याच रॅमवर आदल्या संध्याकाळी व्यवस्थित सुरू झाली होती. ही चाचणी केली नसती तर पुढचे सहा महिने कधी फाइल बिघडली, कधी यंत्र बंद पडले अशा तक्रारी होत राहिल्या असत्या आणि आम्ही विंडोजला दोष देत बसलो असतो. दुकानदाराने काहीही न बोलता मॉड्यूल बदलून दिले आणि दुसरे मॉड्यूल रात्रभराच्या चार फेऱ्यांत निर्दोष निघाले.

बसवण्याची कृती अवघड नाही, पण आपल्याकडच्या मे महिन्यात एका गोष्टीची काळजी घ्यावी लागते. हवा अतिशय कोरडी असते आणि अंगावर स्थिर वीज साठते. मी सुती कपडे घातले, बॅटरीची जोडणी आधी काढली, रॅमला हात लावण्यापूर्वी नळाच्या लोखंडी पाइपला हात टेकवला. मॉड्यूल तिरपे धरून दाते पूर्ण आत जाईपर्यंत सरकवायचे आणि मग खाली दाबायचे. दोन्ही बाजूंच्या कड्या 'टक' असा आवाज करून बसल्या की झाले. भाचीने ते स्वतःच्या हाताने केले. त्यानंतर विंडोज नव्याने घातली. अधिकृत परवाना मदरबोर्डशी जोडलेला असल्यामुळे तीच आवृत्ती घातल्यावर तो आपोआप ओळखला गेला. पुन्हा घड्याळ लावले: बटणापासून उघडलेल्या पानापर्यंत ३८ सेकंद.

आता माझ्या थिंकपॅडविषयी, कारण प्रोसेसर बदलण्याचा खरा पर्याय त्याच्यातच होता. त्यात आय५-३३२०एम हा प्रोसेसर आहे: दोन गाभे (कोअर), २.६ गिगाहर्ट्‌झ, गरजेला ३.३ पर्यंत. तो सॉकेटमध्ये बसतो. सपाट स्क्रू अर्धा फिरवला की चिप मोकळी होते. त्याच जागी आय७-३६३२क्यूएम हा चार गाभ्यांचा प्रोसेसर बसतो आणि दोघांचे औष्णिक मान, म्हणजे राबताना बाहेर पडणारी उष्णता, ३५ वॅटच आहे. मी तो घ्यायच्या अगदी बेतात होते. पण कागदावर आकडे मांडले तेव्हा दिसले की आय७ चा मूळ वेग २.२ गिगाहर्ट्‌झ आणि गरजेचा वेग ३.२ आहे, म्हणजे एकाच गाभ्यावर चालणाऱ्या कामात तो माझ्या आय५ पेक्षा किंचित मागेच राहतो. कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी, ३ ऐवजी ६ एमबी मिळते, आणि व्हिडिओचे रूपांतर किंवा मोठा कोड संकलित करणे अशा सगळे गाभे राबवणाऱ्या कामांत तो खूपच पुढे जाईल. माझे काम पानांच्या मांडणीचे. माझा जुना मांडणीचा प्रोग्राम बहुतांश वेळ एकाच गाभ्यावर चालतो. दोनाचे चार गाभे झाले तरी माझे पान आधीच्याच वेगाने हलले असते.

आणि दुसरा मुद्दा नागपूरचा आहे, ज्याचा उल्लेख परगावी लिहिलेल्या सल्ल्यांत क्वचितच सापडतो. चिपचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक कामामुळे झालेली वाढ. पंखा आणि जाळी तीच राहिली तर ती वाढ जवळपास तेवढीच राहते. २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत ६० अंशांची वाढ झाली तर चिप ८५ वर जाते आणि काहीही बिघडत नाही. माझ्या खोलीत मे महिन्यात दुपारी कूलर चालू असूनही ३८-४० अंश असतात आणि वीज गेली की ४२. तीच ६० अंशांची वाढ मग चिपला १०२ वर नेते, आणि या प्रोसेसराची मर्यादा १०५ आहे. त्या मर्यादेजवळ पोहोचताच तो स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. डिसेंबरात घेतलेला चार गाभ्यांचा प्रोसेसर डिसेंबरात छान चालेल. मे महिन्यात त्याचे दोन गाभे नुसते उष्णता सोसायला ठेवल्यासारखे होईल.

म्हणून मी प्रोसेसरचे पैसे वाचवले आणि त्याच कारागिराकडून यंत्र उघडून साफ करून घेतले. "हा तर चांगलाच तापून राहिला ना ताई," असे तो तळाशी हात लावताच म्हणाला होता. पंखा काढल्यावर पंखा आणि तांब्याची जाळी यांच्या मधोमध धुळीचा एक करडा पट्टा दिसला. कूलरच्या दमट हवेने ती धूळ इतकी दाबून बसली होती की चिमट्याने धरल्यावर लोकरीच्या नमद्यासारखी एकसंध निघून आली, आणि तिच्यामागून तांब्याची पाती पहिल्यांदाच उजेडात आली. चिपवरची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून त्याने तुरीच्या डाळीएवढा नवा ठिपका ठेवला आणि स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने आवळले. त्याआधी ४० अंशांच्या खोलीत मोठी पीडीएफ बनवताना तापमान ९७ पर्यंत जात होते. त्यानंतर त्याच खोलीत, त्याच फाइलीवर ८२. यासाठी झालेला खर्च त्या वापरलेल्या आय७ च्या एक दशांशही नव्हता. लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवण्याची माझी सवयही त्याने सोडवली.

भाचीच्या यंत्राचा एक प्रश्न मात्र सुट्या भागांनी सुटणारा नव्हता. विंडोज १० चे नियमित सुरक्षा अद्यतन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार होते, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी व टीपीएम २.० ही यंत्रातली सुरक्षेची सोय लागते, तिचा प्रोसेसर सहाव्या पिढीचा. आडमार्गाने घालता येते हे मला ठाऊक आहे, पण जिथे बँकेचा पासवर्ड टाकला जातो त्या यंत्रावर मला असे करायचे नव्हते. म्हणून एसएसडीचे दोन भाग केले: एकात विंडोज १०, जिच्या वाढीव सुरक्षा अद्यतनाची मुदत घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, आणि दुसऱ्यात लिनक्स मिंट २२ ही मोफत कार्यप्रणाली, जिला २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत. पायथन आणि सी साठी ती पहिल्या आठवड्यातच मिंटवर स्थिरावली. मराठी टंकलेखनाला इनस्क्रिप्ट तिथे आधीपासूनच असते. फक्त तो कळफलक यादीतून निवडावा लागतो.

जूनच्या पहिल्या वादळात रात्री वीज गेली आणि तिचा लॅपटॉप त्याच क्षणी बंद पडला, तेव्हा आम्ही यादीत न धरलेली एक वस्तू पुढे आली. बॅटरी पार संपलेली होती आणि यंत्र फक्त चार्जरवर चालत होते. लिहिणे चालू असताना असा धक्का बसणे कोणत्याही डिस्कला चांगले नाही, एसएसडीलाही नाही. विंडोजच्या पॉवरसीएफजी आज्ञेने बॅटरीचा अहवाल काढला तर मूळ क्षमतेच्या ११ टक्केच शिल्लक होती. दुसऱ्याच दिवशी तिच्या बाबांनी नवी बॅटरी मागवली. ती येईपर्यंत भाची रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन, माझ्या छोट्या यूपीएसला चार्जर जोडून अभ्यास करत होती.